खुणा करू नयेत

ऐरोली, सेक्टर आठ, पाण्याच्या टाकीमागे
खाली पोळीभाजी केंद्र, वर आमचं वाचनालय.
भिंतीवर पाटी : पुस्तकात खुणा करू नयेत.
अक्षर माझंच.
दुपारी दोन ते चार, सभासद झोपलेले असतात तेव्हा
परत आलेली पुस्तकं पुढ्यात घेऊन
मी खुणा खोडते.

काल एक रहस्यकथा. पान एकोणीस, समासात :
खुनी = डॉक्टर.
पान त्र्याऐंशी : नाही, मेहुणा.
पान एकशे दहा : मरू दे, उद्या सहाची शिफ्ट.
पुढे कोरं.
चिटणिसांना विचारलं, कोण निघाला हो?
म्हणाले, डॉक्टरच. पण मी आधीच म्हटलं होतं.
म्हणजे तेच ते.
मी काही बोलले नाही, रबर झटकलं.

'श्रीमंत कसं व्हावं' छापाची सात पुस्तकं आहेत.
सातही तिसाव्या पानापर्यंत अधोरेखित,
ओळ न् ओळ, पट्टी लावून.
मग लख्ख कोरी.
पार्सलं पोचवणारा सुयोग मढवी म्हणतो,
पुढचं पगार झाल्यावर वाचीन, मावशी.

तुळाजी घरत रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले
आणि थेट आकाशात गेले.
ताऱ्यांवरचं जाड पुस्तक त्यांनी पाच वेळा नेलं.
मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार, भागाकार, हातचे,
आणि खाली चौकटीत उत्तर :
सर्वांत जवळचा तारा, आपल्या एनएमएमटीनं,
तासाला वीस किलोमीटर धरून,
तेवीस कोटी वर्षं.
कंसात : सिग्नल धरलेले नाहीत.
हे खोडायला मला दोन दुपारी लागल्या.
पहिल्या दुपारी मी नुसता हिशेब तपासला.
बरोबर होता.

पाककृतींच्या पुस्तकाला हळद लागतेच, तिचं काही नाही.
पण दिवा कोळीवाड्यातल्या कुमुदिनी वैती समासात बोलतात.
एवढं मीठ? हिला कोणी शिकवलं?
मासा असा धुतात होय!
आणि सुकटीच्या चटणीशेजारी, पेन्सिलीनं :
यांना लसूण चालत नाही.
त्याखाली, दोन वर्षांनंतरची, निळ्या शाईत :
आता घालते.
शाईवर रबर चालत नाही.
मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं
आणि रजिस्टरात नाव नव्हे, नुसती तारीख पाहिली.

कवितासंग्रह एकच. आठ वर्षांत चौघांनी नेला.
कुठे रेघ नाही, डाग नाही, दुमडलेला कोपरा नाही.
आणला कशाला, असं समिती दरवर्षी विचारते.
पण टेबलावर नुसता ठेवला की
तो आपणहून बेचाळिसाव्या पानावर उघडतो.
मी वाचलं ते पान. विशेष काही वाटलं नाही.
रात्री भांडी घासताना परत आठवलं,
तेही चुकीचं, एक ओळ गाळून.
सकाळी कुलूप काढून आधी ती ओळ पाहिली.

मुलांच्या कपाटात कुत्र्याची गोष्ट आहे.
शेवटी कुत्रा मरतो. चांगलं लिहिलंय,
लेखकानं उगाच रडारड केलेली नाही.
शेवटच्या ओळीखाली कुणीतरी लिहिलं होतं,
आणि मग तो उठला.
खोडलं.
दोन महिन्यांनी पुन्हा :
मग तो उटला आणि घरी गेला.
खोडलं. 'उटला'वर जरा थांबून.
दिवाळीनंतर तिसऱ्यांदा, मोत्यासारख्या अक्षरात :
तो झोपला होता.
तीन मुलं. एकमेकांना ओळखत नाहीत,
मी रजिस्टर पाहिलंय.
एक सेक्टर तीनचं, एक गावातलं,
तिसऱ्याची बदली झाली नागपूरला.
तो कागद आता इतका विरलाय
की पलीकडचं चित्र दिसतं.

आज ते पुस्तक चौथ्यांदा परत आलंय.
समोर आहे. अजून उघडलेलं नाही.
चार वाजत आले.
खाली पोळ्यांचा तवा तापलाय,
आणि रबर, कुठे ठेवलं कोण जाणे,
सापडत नाही.